मीडियम सगळ्यांना बसत नाही

आमच्या ऑफिसात किस्से साठतात, त्याला कारण आहे. आम्ही बाराजण दिवसभर कानात इअरफोन खुपसून बसतो. एकजण काहीतरी बोलतो, ते शेजारच्याला ऐकूच जात नाही. तो एक कान मोकळा करून "काय?" म्हणतो. मग पुन्हा सांगायचं. तेवढ्यात तिसरी विचारते, "काय झालं, काय झालं?" तीनदा सांगितलेल्या गोष्टीला दरवेळी थोडं मीठमसाला लागतोच. चौथ्यांदा सांगेपर्यंत तिचा किस्सा झालेला असतो!

काम काय, तर ऐकायचं आणि टाइप करायचं. कुणी कुणी संस्था गावोगाव जाऊन लोकांच्या मुलाखती घेतात. पाण्याचे हाल, आजारपण, घर, शेजार. ती रेकॉर्डिंग्ज आमच्याकडे येतात आणि आम्ही शब्दन् शब्द उतरवून काढतो. हाटकेशला एका इंडस्ट्रियल गाळ्यात पहिल्या मजल्यावर आम्ही, आणि बरोब्बर आमच्या पायाखाली ग्रिलवाला, सकाळपासून लोखंड कापत बसलेला.

इअरफोनच्या टोकाला रबराची टोपीसारखी टिप असते ना, लोकांना वाटतं ती शोभेला असते. अहो, आमचं पोट तिच्यावर आहे! टिप सैल बसली की ग्रिलवाल्याचं लोखंड कानात शिरतं. मग आपण आवाज वाढवतो, मग संध्याकाळी डोकं ठणकतं. घट्ट बसली तर तासाभरात कान लाल. नीट बसली तर मात्र स्वर्ग. इतका स्वर्ग की आमचा चहावाला हल्ली हाक मारतच नाही, सरळ नाकाखाली ग्लास धरतो.

*

आधी डब्याचा किस्सा सांगते.

या टिप्स सारख्या हरवायच्या. कुणाच्या पर्समध्ये, कुणाच्या टिफिनमध्ये. शेवटी फिलूने घरून मिसळणाचा स्टीलचा डबा आणला. फिलू म्हणजे फिलोमिना, उत्तनची, माझ्या समोरच्या टेबलावर बसते. मोहरी-हळदीच्या वाट्यांत आम्ही नव्या कोऱ्या टिप्स भरल्या. एका वाटीत स्मॉल, एकीत मीडियम, एकीत लार्ज, एकीत त्या दुमजली असतात त्या. वापरलेली टिप ज्याची त्याच्याकडे, ती डब्यात परत टाकायची नाही, असा कडक नियम.

दिवाळीच्या पूजेला आमच्या मालकांच्या, जिग्नेशभाईंच्या आई, म्हणजे बा, आल्या. जेवणं झाली. बा उठल्या, हात धुतले, कपाटावरचा डबा उघडला आणि मुखवास समजून दोन स्मॉल तोंडात टाकल्या! आम्ही सगळे जागच्या जागी गार. बा शांतपणे चावतायत. अर्धं मिनिट गेलं.

"जिग्नेश," बा म्हणाल्या, "स्वाद तो नथी, पण बहु टकाऊ छे!"

*

आता सुलभाताई.

सुलभाताई कोर्टात स्टेनो होत्या, पस्तीस वर्षं. रिटायर झाल्या आणि त्याच सुमारास त्यांची गिरगावातली चाळ पाडायला घेतली, म्हणून शांती नगरला मुलाकडे आल्या. पेन्शन आहे, मुलगा-सून चांगली आहेत, कशाचं म्हणून कमी नाही. तरी आमची जाहिरात वाचून टेस्ट द्यायला आल्या. टायपिंगचा वेग बघून जिग्नेशभाईंनी खुर्ची पुढे ओढली. "सुलभाबेन, आमच्याकडे एवढ्या फास्ट हाताचं कोणीच नाय!" तीन महिने ट्रायल, मग कायम. अट एकच, शेवटी एक सलग रेकॉर्डिंग न थांबता, न अडखळता उतरवून दाखवायचं.

पहिल्याच दिवशी कळलं की बाईंच्या कानात इअरफोन राहत नाही. घातला की पाच मिनिटांत टुपकन बाहेर. उचलायचा, पुसायचा, घालायचा, पुन्हा बाहेर. कोर्टात साक्षीदार समोर उभा असायचा, कानात घालायची वेळच कुठे आली होती! मीडियम पडली म्हणून लार्ज दिली, लार्ज टोचली म्हणून स्मॉल दिली, स्मॉल तर मान वळवताच घरंगळली.

आठवड्याभराने डबा खाताना त्या मला हळूच म्हणाल्या, "स्मिता, मला इथनं घालवू नका गं. घरी दोघं आठला येतात. लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही, सगळे आकड्यांकडे बघतात. दिवसभरात माणसाचा आवाज म्हणून कानावर पडत नाही. तो इथे पडतो."

मी पडले सुपरवायझर. म्हणजे घालवायचं की ठेवायचं, हे आधी माझ्याच तोंडून जाणार. मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, या बाईच्या कानाला बसेल अशी टिप शोधून काढायची.

*

फिलूचं म्हणणं पडलं की दोन्ही कानांना एकच साइज लावणं हाच मूर्खपणा आहे. तिला ते अनुभवाने कळलं होतं. दोन वर्षं ती दोन्हीकडे मीडियम लावायची आणि डावा कान दुखतो म्हणून लवंगेचं तेल, कापूस, सगळं करून झालं. एकदा डब्यातली मीडियम संपली, तर मिळेल ते लावलं. उजवीकडे लार्ज, डावीकडे स्मॉल. संध्याकाळ झाली तरी कान दुखेना!

"अगं, पण दोन कान दोन मापांचे कसे?" मी विचारलं.

"स्मिताबाय, एका आयची दोन पोरं सारकी असतात काय? हे तं कान हायेत!"

सुलभाताईंनाही तसं करून बघितलं. उजवा खरंच मोठा निघाला. उजवा इअरफोन पाच मिनिटांऐवजी सात मिनिटं टिकला. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो.

*

मग शनिवारी मी त्यांना घेऊन शांती नगरातल्या एका मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदाराने न बघताच एक पाकीट पुढे टाकलं. "आंटी, मीडियम लो. मीडियम सबको आता है."

सुलभाताईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. हे त्या पस्तीस वर्षं वकिलांना बघून शिकल्या असणार.

"सबको आता है, तो कंपनीने तीन साइज क्यों दिये? भेट म्हणून?"

दुकानदार घालून बघू देणार नाही म्हणाला. कानाची वस्तू, बरोबरच होतं त्याचं. पण सुलभाताई हटेनात. "आमचा कासार बांगडी भरायच्या आधी हात दाबून बघायचा. एका नजरेत माप सांगायचा. तुम धंदा करते हो, कान देखना तो सीखो!" असं म्हणून त्यांनी मान वळवून त्याच्यासमोर कान धरला. आणि तो बिचारा काउंटरवर वाकून, मोबाइलची टॉर्च लावून खरोखर बघायला लागला हो!

बराच वेळ बघून म्हणाला, "आंटी, कान तो एकदम अच्छा है."

हा निकाल घेऊन आम्ही परत आलो. बरोबर चार प्रकारच्या टिप्स होत्या. सगळ्या पडल्या.

*

मध्येच माझा एक सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल.

आमच्या टेबलाखाली पेडल असतं. पंजा दाबला की रेकॉर्डिंग चालू, पाय उचलला की बंद, टाच दाबली की चार शब्द मागे. दहा वर्षं हेच केल्यावर पायाला काय सवय लागली असेल विचार करा. परवा नवरा जेवताना काहीतरी पुटपुटला. मला नीट कळलं नाही. मी त्याच्याकडे बघत बसले.

तो घास हातात धरून थांबला. टेबलाखाली वाकून बघितलं.

"स्मिता, तू मला मागे घेतेयस का?"

*

दीड महिना झाला आणि क्लायंटचा फोन आला. एका संस्थेच्या मॅडम होत्या, आवाज तापलेला. "मुलाखत दोघांत झालीय. आमची मुलगी प्रश्न विचारतेय आणि एक काकू उत्तरं देतायत. तुमच्या कागदावर ही तिसरी बाई कोण?"

"तिसरी?"

"काकू म्हणतात, मी पहाटे उठून पाण्याला जाते. लगेच कोणीतरी म्हणतं, 'अगं बाई! एवढ्या थंडीत?' पुढे काकू म्हणतात, सून बरी आहे. तर ही बाई म्हणते, 'नशीब हो तुमचं.' कोण आहे ही?"

मी फाइल उघडली. खाली टाइप करणाऱ्याचं नाव होतं, सुलभा.

मी माझी खुर्ची वळवली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघत बसले. सुलभाताईंची बोटं कीबोर्डवर पळत होती आणि ओठही हलत होते. "हं." "हो का?" "मग?" "अरेरे." रेकॉर्डिंगमधला माणूस दम घ्यायला थांबला की यांचा हुंकार ठरलेला. आणि दर आठ-दहा हुंकारांनी इअरफोन बाहेर!

तुम्ही करून बघा. करंगळी अलगद कानाच्या तोंडाशी ठेवा आणि जबडा हलवा. आतली वाट लहानमोठी होते की नाही? टिप कुठली टिकणार तिथे! दीड महिना आम्ही कानाची मापं काढत होतो आणि घोळ होता तोंडात.

मी त्यांना सांगितलं तर बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "मी बोलते? मोठ्याने?" मग म्हणाल्या, "पण स्मिता, माणूस आपलं सुखदुःख सांगतंय आणि आपण साधं हूं म्हणायचं नाही? त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीसुद्धा म्हणत नाहीत गं. त्यांना पुढच्या प्रश्नाची घाई. कुणीतरी म्हणायला नको?"

जिग्नेशभाईंनी मात्र हात जोडले. "सुलभाबेन, हूं नाय. काही नाय. मौनव्रत! क्लायंट गेला तर मी काय करू?"

*

मौनव्रताचा पहिला दिवस. सुलभाताईंनी तोंड बंद राहावं म्हणून खडीसाखरेचा खडा तोंडात ठेवला. चघळताना जबडा जास्तच हलला. इअरफोन तीन मिनिटांत बाहेर.

दुसऱ्या दिवशी फिलूने सुचवलं, "तोंडावर रुमाल बांधा." बांधला. सगळं ऑफिस दोन तास चिडीचूप त्यांच्याकडे बघत होतं. इअरफोन पडला नाही! फिलू टाळ्या वाजवणार, तेवढ्यात मी कागद बघितला. ज्या बाईची एका पानात एक चूक सापडायची नाही, तिच्या पानात अकरा चुका. शब्द गाळलेले, वाक्यं अर्धी.

"हुंकार दिला नाही की मला ऐकूच येत नाही गं," त्या रुमाल सोडत म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "कोर्टातसुद्धा मी मनातल्या मनात देत होते. तिथे न्यायाधीश होते म्हणून ओठ मिटलेले असायचे एवढंच. हल्ली मनात नाही राहत."

मला त्या दिवशी जिग्नेशभाईंचा राग आला, क्लायंटचा आला, इअरफोन बनवणाऱ्या कंपनीचा आला. फिलू तर सरळ केबिनमध्ये जाऊन सांगून आली, "ती बाय गेली तं आमचा पन जीव लागनार न्हाय इथं."

जिग्नेशभाई म्हणाले, "मला काय आवडतंय का? टेस्ट तर द्यावीच लागेल."

*

फोमच्या टिप्स आम्ही ऑफिसात ठेवत नव्हतो. स्पंजासारख्या असतात, घाम लागला की महिना-दोन महिन्यांत मऊ पडून जातात. पण त्यांचा एक गुण आहे, कानात गेल्यावर त्या हळूहळू फुगतात आणि वाट लहानमोठी झाली तरी तिच्याबरोबर जुळवून घेतात. हे मला आधी का सुचलं नाही, माहीत नाही. मी मुद्दाम मागवल्या. उजव्याला मोठी, डाव्याला लहान.

त्या घालायची पद्धत आहे. बोटांत चेपून बारीक करायची, दुसऱ्या हाताने कान वर आणि जरा मागे ओढायचा, पटकन आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. "वीसपर्यंत मोजा," मी म्हणाले.

सुलभाताईंनी डोळे मिटले आणि मोजायला लागल्या. "जोशी. पेडणेकर. सावंतबाई. गोखले मास्तर. रेगे. दळवी..."

मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलं. "काय मोजताय?"

"आमच्या मजल्यावर वीस खोल्या होत्या ना," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "रोज रात्री झोपतानाही मोजते. एकही चुकत नाही अजून."

मी नुसतीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. विसावी खोली कुणा शेट्येंची होती. मग त्या उठल्या आणि खाली ग्रिलवाल्याने करवत चालू केली की काय ते बघायला खिडकीशी गेल्या. करवत चालू होती. त्यांना ऐकू येत नव्हती.

*

टेस्टच्या दिवशी जिग्नेशभाई स्वतः येऊन सुलभाताईंच्या शेजारी बसले. हातात फाइल, फाइलमध्ये नेमणुकीचं पत्र, सही व्हायची होती. एकाच कॉम्प्युटरला दोन इअरफोन लावले, एक यांचा, एक त्यांचा. ऐकत ऐकत ते स्वतः चुका काढणार होते. आम्ही बाकीच्या काम करायचं नाटक करत होतो. फिलूच्या कानात दोन्ही इअरफोन होते, पण वायर कशालाच लावलेली नव्हती.

रेकॉर्डिंग चाळीस मिनिटांचं, कुठल्याशा गावातल्या एका म्हाताऱ्या काकांचं. सुलभाताईंचे ओठ पहिल्या मिनिटापासून हलत होते. "हं." "हो का." जिग्नेशभाईंनी एकदा डोळे वटारून माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. कागदावर तिसरी बाई नव्हती. हात काकांचे शब्द लिहीत होते, हूं फक्त तोंडात होतं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. इअरफोन जागचा हलला नाही.

पंचविसाव्या मिनिटाला काय झालं, ते शब्दाला शब्द मी नंतर वाचलं.

प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, "घरात माणसं किती?"

काका म्हणाले, "दोन." मग म्हणाले, "न्हाई. एक. आता एकच."

मुलगी म्हणाली, "बरं. नळ घरात आहे की बाहेर?"

आम्हाला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. आम्हाला फक्त सुलभाताईंचा आवाज आला, हळू, शेजारच्या दारात उभं राहून विचारावं तसा. "अगं बाई... कधी गेल्या हो?"

बोटं चालूच होती. पाय पेडलवरून उचलला नव्हता.

आणि काका नळाचं काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "पंधरा दिस झाले. चुलीपाशी बसली व्हती."

जिग्नेशभाईंची पेन्सिल केव्हाची फाइलवर आडवी पडली होती. त्यांनी मान खाली घातली, घसा खाकरला आणि चांगलं मोठ्याने म्हणाले,

"हं. बोला काका."

टुपकन त्यांच्या कानातला इअरफोन फाइलवर पडला.

सुलभाताईंनी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. काका जेवढं बोलले तेवढं सगळं उतरवलं, शेवटच्या शब्दापर्यंत. मगच पाय उचलला. पर्समधून आपली पाकिटातली नवी फोमची टिप काढली, ती इअरफोनला लावली, बोटांत चेपली आणि जिग्नेशभाईंना म्हणाल्या,

"इकडे कान करा."

जिग्नेशभाईंनी शाळेतल्या मुलासारखी मान वाकवली. सुलभाताईंनी त्यांचा कान वर ओढला, टिप आत सरकवली, त्यांचंच बोट वर ठेवलं.

"धरून ठेवा. वीसपर्यंत मोजा."

"एक, बे, त्रण..." जिग्नेशभाई मोजत होते, आणि दुसऱ्या हाताने टेबलावर पेन शोधत होते.